एकट्या कारागिराचा बाजार

१० जुलै २००८ रोजी ॲपल कंपनीने आपल्या फोनसाठी ‘ॲप स्टोअर’ नावाचे दुकान उघडले, तेव्हा त्यात सुमारे पाचशे ॲप मांडलेली होती. ॲप म्हणजे फोनवर चालणारी छोटी आज्ञावली, हे आज शाळकरी मुलालाही समजावून सांगावे लागत नाही. त्या दिवशी मात्र या दुकानाची अपूर्वाई मोठी होती. रात्री जागून एकट्याने घडविलेली वस्तू आणि शेकडो अभियंते पदरी बाळगणाऱ्या कंपनीची वस्तू एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवली जाणार होती. गाळ्याचे भाडे नाही, मालाची ने-आण नाही, उधारी आणि वसुली नाही. विक्रीतील तीस टक्के दुकानदाराचे आणि सत्तर टक्के कारागिराचे, एवढाच करार. भांडवलाअभावी बाजाराच्या वेशीबाहेर राहिलेल्या कारागिराला वेस खुली झाली, असे त्या वेळी अनेकांना वाटले, आणि ते वाटणे अगदीच खोटे नव्हते.

आज त्या दुकानात सुमारे वीस लाख ॲप आहेत. संगणकाच्या दुनियेत फळी लांबविण्यास फारसा खर्च येत नाही. गिऱ्हाइकाच्या फोनचा पडदा मात्र वीतभरच राहिला आहे. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविलेल्या हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच बजावले होते की, जेथे माहिती उदंड होते तेथे माणसाचे अवधान दुर्मिळ होते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी आज्ञावली लिहिण्याचे श्रम आणखी कमी केले आहेत. उत्पादन जसजसे स्वस्त होते तसतशी अडचण उत्पादनाकडून विक्रीकडे सरकते, हा नियम कापडाला लागू पडला होता. तोच ॲपलाही लागू पडतो आहे.

विक्रीचे वावडे

स्वतंत्र ॲप-निर्माता हा कोणाचा नोकर नसतो आणि त्याच्या हाताखालीही कोणी नोकर नसतो. दिवसा नोकरी किंवा शिक्षण आणि रात्री व रविवारी हा उद्योग, असा बहुतेकांचा आरंभ असतो. एक संगणक, दुकानात नाव नोंदविण्याची फी आणि झोपेतून वजा केलेले तास हे त्याचे भांडवल. ही फी ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर, तर गूगलकडे एकदाच २५ डॉलर आहे. वस्तू तयार होऊन फळीवर गेली की आपले काम संपले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. तांत्रिक शिक्षणात वाढलेल्या मनाला विक्रीचे एक प्रकारचे वावडे असते; ती त्याला भाटगिरी वाटते. माल चोख असेल तर गिऱ्हाईक आपल्या पायांनी येईल, हे वचन तो मनाशी घट्ट धरून बसतो.

या वचनात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. माल चोख आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला विकत घेण्यापूर्वी कळते, असे ते मानते. कापड हातात घेऊन पाहता येते, आंबा हुंगून पाहता येतो. ॲपचा गुण मात्र काही दिवस वापरल्यावाचून कळत नाही. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली अशा वस्तूंचा ‘अनुभवाच्या वस्तू’ असा स्वतंत्र वर्ग मानला. या वर्गातील वस्तूचे नाव, तिचे चिन्ह, पहिली दोन-तीन चित्रे, वर्णनाच्या दोन ओळी आणि तिची किंमत यांवरच गिऱ्हाईक क्षणार्धात निर्णय करते. काय फुकट द्यावे, कशाचे पैसे घ्यावे आणि ते कोणत्या टप्प्यावर मागावे, हे प्रश्नही त्यातच येतात. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर निर्मात्याला आधी ठाऊक नसते. त्याच्यापाशी असतात ते केवळ अंदाज. अंदाज पारखून घेण्याच्या शिस्तबद्ध रीतीला प्रयोग म्हणतात, आणि एकट्या कारागिराच्या बाबतीत विपणन म्हणजे अशा प्रयोगांची मालिका होय.

कूपनापासून फोनपर्यंत

ही रीत नवी नाही. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकाराने १९२३ साली जाहिरातशास्त्रावर लिहिलेल्या पुस्तकात कूपनांची युक्ती मांडली आहे. वर्तमानपत्रांत निरनिराळ्या मथळ्यांच्या जाहिराती द्याव्यात, प्रत्येकीतील कूपनावर वेगळी खूण ठेवावी आणि कोणत्या खुणेची कूपने अधिक परत येतात ते मोजावे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर शेताचे वाफे पाडून खतांची तुलना करीत होते. कोणत्या वाफ्याला कोणते खत, हे माणसाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे जमिनीचा कस निकालात लुडबूड करणार नाही, हा त्यांचा सिद्धांत. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या ग्रंथाने हे शास्त्र शेतकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविले.

फिशर यांचा वाफा आता ॲपच्या दुकानात आला आहे. गूगलने २०१५ साली आणि ॲपलने २०२१ च्या डिसेंबरात ही सोय निर्मात्यांना दिली. येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी काहींना एक चित्र आणि काहींना दुसरे दाखवावे, आणि कोणते पाहून अधिक लोक ॲप उतरवून घेतात ते मोजावे. ॲपलच्या सोयीत मूळ पानाच्या जोडीला तीन पर्यायी पाने नव्वद दिवसांपर्यंत ठेवता येतात. जे साधन एकेकाळी मोठ्या जाहिरात कंपन्यांपाशीच होते, ते आज निमशहरातील विद्यार्थ्याच्या हातीही आहे. प्रश्न आहे तो ते वापरायचे कसे, हा.

एकच प्रश्न, दोन उत्तरे

ईथन निकोलस हे अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत अभियंता होते. नोकरी सांभाळून त्यांनी ‘आयशूट’ नावाचा रणगाड्यांचा खेळ लिहिला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये सुमारे तीन डॉलर किमतीला विक्रीस ठेवला. आरंभी थोडी विक्री झाली आणि मग ती ओसरली. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी एक प्रयोग केला. याच खेळाची एक छोटी फुकट आवृत्ती काढली आणि पूर्ण खेळ विकत मिळतो हे तीत सांगितले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार फुकट आवृत्ती २४ लाख वेळा उतरविली गेली आणि ३ लाख २० हजार लोकांनी पूर्ण खेळ विकत घेतला. एका दिवसाची कमाई ३७ हजार डॉलरवर गेली आणि निकोलस यांनी नोकरी सोडली. आधी वाण द्यावे, मग माल विकावा, हा धडा त्या वर्षी शेकडो निर्मात्यांनी गिरविला.

दोन वर्षांनी मार्को आर्मेंट यांनी तोच प्रश्न उलट बाजूने विचारला. वाचावयाचे लेख साठवून ठेवणारे त्यांचे ‘इन्स्टापेपर’ हे ॲप फुकट आणि विकतचे अशा दोन्ही रूपांत होते. फुकट आवृत्ती घेणारे फार थोडे लोक पुढे पैसे देत, त्यांचा भार मात्र यंत्रणेवर पडे आणि बोचरे अभिप्रायही त्यांच्याकडूनच येत. आर्मेंट यांनी फुकट आवृत्ती प्रथम थोडे दिवस आणि पुढे २०११ साली अधिक काळ दुकानातून काढून घेतली. विकतच्या आवृत्तीची विक्री त्यामुळे घटली नाही. फुकट वाणाची गरजच नव्हती, असे त्यांना आढळले.

दोन्ही प्रयोग प्रामाणिक, दोन्हींचे निकाल खरे, आणि तरीही परस्परविरुद्ध. यात विसंगती नाही. खेळाची गोडी पाच मिनिटांत लागते आणि लागली की पुढचे हवेसे वाटते. लेख साठविणाऱ्या ॲपची उपयुक्तता ज्याला आधीच पटली आहे तो वाणावाचूनही पैसे देतो. जमीन निराळी, म्हणून पीक निराळे. यशस्वी माणसाचा निष्कर्ष उसना आणून आपल्या वाफ्यात पेरणे हा प्रयोग नव्हे, ते अनुकरण होय. उसने घ्यायचे ते प्रश्न. उत्तर ज्याचे त्यानेच आपल्या जमिनीतून काढले पाहिजे.

लहान संख्यांची फसवणूक

येथवर कोणाचा मतभेद होऊ नये. खरी अडचण पुढेच आहे, आणि तिची चर्चा क्वचितच होते. एकट्या निर्मात्याच्या दाराशी गिऱ्हाईकच थोडे येते, आणि थोड्या गिऱ्हाइकांवरून काढलेला निष्कर्ष हा बहुधा निष्कर्षच नसतो.

समजा, एखाद्या ॲपचे पान पाहणाऱ्या शंभरांपैकी दोघे ते विकत घेतात. निर्मात्याने चित्र बदलले. नव्या चित्राने हे प्रमाण दोनांवरून अडीचवर गेले तर उत्पन्न एकदम पावपट वाढेल. हा फरक खरा की योगायोगाचा, हे ठरविण्यास किती माणसे लागतील? नसलेला फरक आहे असे वाटण्याचा धोका विसांत एक आणि असलेला फरक नजरेतून निसटण्याचा धोका पाचांत एक, एवढी नेहमीची मोकळीक ठेवली, तरी संख्याशास्त्राचे उत्तर येते ते प्रत्येक चित्रासाठी सुमारे चौदा हजार, म्हणजे एकूण अठ्ठावीस हजार माणसे. पानावर रोज शंभर माणसे येत असतील तर या एका प्रश्नाला २८० दिवस लागतील. ज्याची दुकाने लाखो लोक धुंडाळतात त्या कंपनीला हेच उत्तर दुपारपर्यंत मिळते.

प्रत्यक्षात घडते ते असे. आठवडाभरात एका चित्रावर तीन विक्री होतात, दुसऱ्यावर सहा. निर्माता हरखून जातो, विक्री दुप्पट झाली असे वहीत लिहितो आणि दुसरे चित्र कायम करतो. वास्तविक दोन-दोनशे माणसांत तीन आणि सहा हा फरक नाणेफेकीतही सहज पडतो. पुढच्या महिन्यात विक्री पुन्हा खाली येते आणि आपले काय चुकले हे त्याला समजत नाही. चुकलेले काहीच नसते. मुळात काही घडलेलेच नसते. रोज मधूनच डोकावून निकाल पाहायचा आणि तो मनाजोगा दिसताच प्रयोग थांबवायचा, या सवयीने ही फसवणूक अधिकच वाढते.

याचा अर्थ लहान माणसाने प्रयोग करू नयेत असा नव्हे. त्याने लहान प्रयोग करू नयेत, एवढाच आहे. दोनाचे चार होतील असा बदल पारखण्यास तेवढ्याच मोकळिकीने दोन्ही बाजू मिळून सुमारे तेवीसशे माणसे पुरतात. शंभरांच्या हिशेबाने तीन-साडेतीन आठवडे. तेव्हा बटणाचा रंग आणि अक्षरांचे वळण यांत एकट्याने शिरू नये. किंमत दुप्पट करावी, फुकट आवृत्ती द्यावी किंवा काढावी, ॲप कोणासाठी आहे हेच बदलून सांगावे, पैसे एकदा घेण्याऐवजी वर्षाला घेऊन पाहावे. आर्मेंट यांचे पुढचे ॲप ‘ओव्हरकास्ट’ याचे चांगले उदाहरण आहे. जुलै २०१४ मध्ये त्यांनी ते फुकट देऊन सर्व सोयींसाठी एकदाच पैसे घेतले. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्व सोयी मोकळ्या करून ऐच्छिक वर्गणी मागितली. सप्टेंबर २०१६ मध्ये जाहिराती आणल्या आणि त्या नकोत त्यांच्याकडून वर्षाची वर्गणी घेतली. दोन वर्षांत तीन पद्धती, आणि प्रत्येक बदल असा की परिणाम उघड्या डोळ्यांना दिसावा.

जाहिरातीचा जमाखर्च

जाहिरातीवर पैसे खर्चण्यापूर्वी एक साधे त्रैराशिक मांडणे अगत्याचे आहे. समजा, ॲपची किंमत दोनशे रुपये. दुकानदाराचे पंधरा टक्के वजा जाता निर्मात्याला १७० रुपये राहतात. कर बाजूला ठेवू. फुकट उतरवून घेणाऱ्या शंभरांतील दोघांनी पैसे दिले तर ३४० रुपये आले. म्हणजे एका उतरवणुकीची सरासरी किंमत ३ रुपये ४० पैसे. जाहिरातीने एक गिऱ्हाईक आणण्यास दहा रुपये पडत असतील, तर हजार रुपये घालून ३४० रुपये परत येतात. पैसे देणाऱ्यांची संख्या दोनांवरून सहावर गेल्याखेरीज हा धंदा बरोबरीतही सुटत नाही. ज्यांचे काही खेळाडू एकेकटे हजारो रुपये उधळतात त्या खेळकंपन्या याच जागेसाठी बोली लावतात, त्यामुळे भाव चढाच राहतो. शिवाय एप्रिल २०२१ पासून ॲपलच्या फोनवर गिऱ्हाइकाचा माग काढण्यास त्याची परवानगी घ्यावी लागते. खासगीपणाच्या दृष्टीने हा नियम स्वागतार्हच आहे. पण कोणत्या जाहिरातीने कोणते गिऱ्हाईक आणले हे कळणे त्यामुळे अवघड झाले, हेही खरे.

या जमाखर्चात आणखी एक रकाना हवा, तो वेळेचा. फुकट केलेली प्रसिद्धी खरोखर फुकट नसते. एका चित्रफितीवर घालविलेले तीन रविवार ॲप सुधारण्यावर, शिकवणीवर किंवा घरच्यांसाठी खर्चता आले असते. अर्थशास्त्र ज्याला संधी-खर्च म्हणते तो हाच, आणि एकट्या माणसाच्या वहीत तो बहुधा कधीच लिहिला जात नाही.

हेही विसरता येत नाही की ज्या शेतात हे वाफे पाडायचे ते शेत दुसऱ्याचे आहे. ॲपलने १ जानेवारी २०२१ पासून लहान निर्मात्यांसाठी आपला हिस्सा तीसवरून पंधरा टक्क्यांवर आणला आणि त्याच वर्षीच्या जुलैत गूगलनेही पहिल्या दहा लाख डॉलरपुरते तेच केले. हिस्सा घटला, पण फळीवर कोणाला पुढे मांडायचे आणि शोधाचे नियम कधी बदलायचे, ही सत्ता मालकाचीच राहिली. कुळाने मन लावून जमीन कसावी, पण ती आपली आहे असे समजू नये. म्हणून आपल्या गिऱ्हाइकांशी, त्यांच्या संमतीने, दुकानाबाहेरही थेट ओळख राखणे हा एकट्या निर्मात्याचा खरा विमा आहे.

दैव आणि लबाडी

सप्टेंबर २०२० मध्ये डेव्हिड स्मिथ या स्वतंत्र निर्मात्याचे ‘विजेटस्मिथ’ हे ॲप अमेरिकेतील दुकानात पहिल्या क्रमांकावर गेले. फोनचा पडदा सजविण्याच्या चित्रफिती लोकांनी आपण होऊन टिकटॉकवर टाकल्या आणि त्यांनी हे ॲप उचलून धरले. दैवाचा भाग यात उघड आहे. परंतु स्मिथ त्यापूर्वी बारा वर्षे ॲपमागून ॲप काढीत होते, हे या कथेतील अधिक महत्त्वाचे वाक्य आहे. शिवाय अशा कथा कानावर येतात त्या जिंकलेल्यांच्याच. तीच मेहनत करून विस्मृतीत गेलेल्यांची यादी कोणी छापत नाही. म्हणून किती पैसे, किती महिने आणि कोणता निकाल आल्यास थांबायचे, हे आरंभीच लिहून ठेवणे शहाणपणाचे. थांबण्याची अट नसलेला प्रयोग जुगाराच्या जवळ जातो.

निराश माणसाला लबाडी सुचते. विकतचे अभिप्राय, खोटी ‘शेवटची संधी’, सुरू करणे सोपे आणि बंद करणे दुष्कर अशी वर्गणी, हे प्रकार आकड्यांच्या परीक्षेत अनेकदा उत्तीर्णही होतात. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखविले की, जेथे गिऱ्हाइकाला चांगले आणि वाईट यांत फरक करता येत नाही तेथे चांगला विक्रेताच शेवटी हाकलला जातो. खोटा अभिप्राय लिहवून घेणारा एकटा निर्माता ज्या फांदीवर बसला आहे तीच तोडतो. कारण विश्वासावाचून त्याच्यापाशी दुसरे भांडवल नाही. भारत सरकारनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नोंदवून त्यांस मनाई केली आहे.

पहिला प्रयोग

मराठी तरुणाने या उद्योगात उतरावे की नाही, याचे एकच उत्तर देता येणार नाही. त्याला काही सवलती मात्र आहेत. गूगलच्या दुकानात ॲपचे पान मराठीतून मांडता येते आणि देशागणिक किंमत वेगळी ठेवता येते. इंग्रजी पानाशेजारी मराठी पान ठेवून पाहणे हा पैसा न लागणारा आणि मोठा फरक पाडू शकणारा, म्हणजे एकट्याला परवडणारा प्रयोग आहे.

गूगलने नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना एक अट घातली आहे. ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी आरंभी वीस, आणि पुढे शिथिल करून बारा माणसांनी ते सलग चौदा दिवस वापरण्यास घेतले पाहिजे. अनेक निर्माते या अटीवर त्रागा करतात आणि गणपूर्तीसाठी मित्रांची नावे घालून मोकळे होतात. वास्तविक तोच त्यांचा पहिला आणि सर्वांत स्वस्त प्रयोग असतो. ज्यांची अडचण दूर करण्यासाठी हे ॲप घडविले, अशी बारा अनोळखी माणसे मिळतात का? मिळाली, तर चौदाव्या दिवशी ती ते उघडतात का? बारांच्या उत्तरावरून टक्केवारी काढता येत नाही, हे खरे. पण बाराजणांशी बोलता येते, आणि ते का थांबले हे विचारता येते. लाखोंचे गिऱ्हाईक असलेल्या कंपनीला हे सुख नाही. आणि बाराही मिळत नसतील, तर वीस लाखांच्या फळीवर आपली वस्तू नेऊन ठेवण्यापूर्वी तेवढे कळले, हा काही लहान लाभ नव्हे.